बोनेअर : खोली जाऊ द्या, पायऱ्या बघा

माणदेशी_मासा
रविवार, रात्री ११:४२

मंडळी, इथे दर थंडीत कुणीतरी कॅनकूनचा धागा काढतं आणि ऑल-इन्क्लुझिव्हच्या बफेवर शंभर प्रतिसाद पडतात. म्हणून म्हटलं, जरा वेगळ्या प्रकारच्या सुट्टीबद्दल लिहू : स्नॉर्कलिंगच्या, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर पालथं तरंगत मासे बघण्याच्या. गेल्या महिन्यात आम्ही पाच जण (मी, बायको, दोन पोरं आणि दहिवडीहून आलेली आई) बोनेअरला आठ दिवस राहून आलो.

बोनेअर हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवरचं छोटं बेट. २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका, पण चलन अमेरिकन डॉलर. बेट म्हटल्यावर डोळ्यांपुढे माडाची बनं येतात ना? ती विसरा. विमानतळावरून बाहेर पडलो आणि आई म्हणाली, "अरे, हे तर आपलंच गाव!" निवडुंग, बाभळीसारखी काटेरी झुडपं, बकऱ्या, वारा. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. माणदेशातून उठून अर्धं जग ओलांडून पुन्हा माणदेशात.

पण गंमत अशी, की ह्या दुष्काळातच सगळं गुपित आहे. बेटावर नदी नाही, त्यामुळे गाळ वाहून समुद्रात येत नाही. वारा बाराही महिने पूर्वेकडून, त्यामुळे पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत पडलेला. म्हणून पाणी असं, की धक्क्यावर उभं राहिलं तरी तळाचे मासे मोजता येतात.

आता राहण्याचं. रिसॉर्ट हा शब्द त्या जागेला फार मोठा होतो. दहा-बारा बैठ्या खोल्या, प्रत्येकीत दोन बर्नरची शेगडी, भांडीकुंडी आणि रात्री ट्रॅक्टरसारखा धडधडणारा फ्रिज. लॉबी नाही, मनगटाला पट्टा नाही, टॉवेलचे हंस नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा ऑफिसात कुणीच नव्हतं. दाराला पाकिटात किल्ली चिकटवलेली, वर आमच्या आडनावाचं पार वाटोळं केलेलं. मधल्या अंगणात मास्क आणि फिन्स (पायात घालायचे रबरी पर) खळबळायला गोड्या पाण्याचा हौद, आणि दोऱ्यांवर सगळ्यांचे ओले कपडे. लांबून लग्नघरासारखं दिसायचं. इग्वाना मात्र फुकट. सकाळी ओसरीत पपईची साल टाकली, की कुठूनही हजर.

बुक करताना मी खोलीचे फोटो बघितलेच नाहीत. एकच गोष्ट बघितली : पाण्यात उतरायचं कसं. बऱ्याच ठिकाणी धक्क्याला उभी लोखंडी शिडी असते. ती तरण्याताठ्यांना ठीक, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला फिन्स हातात घेऊन ती उतरणं म्हणजे शिक्षा. काही ठिकाणी किनारा म्हणजे नुसते प्रवाळाचे धारदार खडक. आम्हाला सिमेंटच्या पायऱ्या आणि कठडा असलेली जागा मिळाली. मालकिणीला ईमेल करून पायऱ्यांचा फोटो मागवला होता. तिला आधी कळेचना, की ह्याला खोली सोडून पायऱ्या कशाला हव्यात!

आई ६८ वर्षांची. पोहणं सोडा, आयुष्यात विहिरीत पाय सोडून बसली नाही. पहिल्या दिवशी पूर्ण अंगाचा पोहण्याचा सूट, त्यावर लाइफ जॅकेट, काखेत फोमची नळी अशा थाटात कठडा धरून तिसऱ्या पायरीवर उभी. तिसरी पायरी निसरडी आहे, तिथे शेवाळ धरतं. मी खाली छातीभर पाण्यात. "नुसतं तोंड बुडव, श्वास नळीतून घे, काही होत नाही." दोनदा नाकात पाणी गेलं, दोनदा मला शिव्या बसल्या. तिसऱ्यांदा तोंड घातलं ते वर येईचना. मी घाबरलो. खांद्याला हात लावला तर वर येऊन म्हणते, "अरे, खाली वस्ती आहे की!"

पुढे रोज सकाळी सातला मास्क गळ्यात घालून आई तयार.

खाली खरंच वस्ती आहे. पायऱ्यांपाशीच पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सार्जंट मेजर माशांचं टोळकं. जरा पुढे निळे टँग शंभराच्या झुंडीनं चरत असतात, मेंढरांचा कळप जसा रानावरून सरकत जातो तसे. ट्रम्पेटफिश म्हणजे फूटभर काठी; समुद्री झुडपाच्या फांद्यांमध्ये डोकं खाली करून उभा राहतो आणि आपण फांदीच आहोत असा आव आणतो. मला सगळ्यात आवडला तो आवाज. पाण्याखाली शांतता असेल असं वाटलं होतं, पण तिथे सतत कुरूम कुरूम चालू असतं. पोपटमासे चोचीनं मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडत असतात, त्याचा तो आवाज. दगडासकट खातात आणि मागून पांढरी वाळू सोडतात. धाकट्याला ते कळल्यावर त्यानं दोन दिवस वाळूवर बसायला नकार दिला.

किनाऱ्यापासून तीसेक मीटर गेलं, की तळ उतरत उतरत निळ्या अंधारात जातो. तिथे पहिल्यांदा पोटात गोळा येतो. आईला मी तिथवर नेलं नाही.

थोडं व्यावहारिक :

बेटावर येणाऱ्या मोठ्या माणसाला ७५ डॉलर प्रवेशकर. शिवाय समुद्रात उतरायचं तर ४० डॉलर निसर्गशुल्क; ते सागरी उद्यान चालवणाऱ्या स्टिनापाकडे जातं. दोन्ही आधी ऑनलाइन भरा, विमानतळावर रांगेत उभं राहून मोबाइलवर फॉर्म भरण्यात आमचा पाऊण तास गेला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनला २०२१ पासून तिथे बंदी आहे, त्यामुळे झिंकवालं घ्या. त्याहून बरं म्हणजे लांब बाह्यांचा टी-शर्ट. मी शहाणपणा करून अर्ध्या चड्डीवर तरंगलो आणि गुडघ्यांच्या मागची कातडी अशी भाजली, की परतीच्या विमानात पाय दुमडता येईनात.

बोनेअर शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे युरोपचे नियम इथे धरून चालू नका. आम्हा चौघांकडे ग्रीन कार्ड आणि आईकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा मल्टिपल व्हिसा होता, काही अडचण आली नाही. एच-वनवाल्यांनी (नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी) अमेरिकेत परत येताना पासपोर्टमधला व्हिसा चालू असेल ह्याची खात्री करा. मुदत संपलेल्या व्हिसावर परतण्याची ती कॅनडा-मेक्सिकोची सवलत एच-वनला बेटांसाठी नाही.

टंकून हात दुखले. बाकी प्रतिसादांत.

---

टीपकागद
सोमवार, सकाळी ७:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो कुठायत?

---

चिंचगुळ
सोमवार, सकाळी ९:१८

"अरे, खाली वस्ती आहे की" वाचून ऑफिसात एकटीच हसले. आईंना साष्टांग नमस्कार.

आमचंही डोक्यात आहे. माझी आई ६६, रक्तदाबाची गोळी चालू, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिथे खाण्याचं काय? आणि खोल पाण्याच्या भीतीचं काय केलंत? माझ्या नवऱ्याला भरघोस मिशा आहेत. मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणून अंदमानात तो दहा मिनिटांत बाहेर आला आणि उरलेला दिवस शहाळी पीत बसला.

---

माणदेशी_मासा
सोमवार, दुपारी १:३०

@टीपकागद, पाण्याखालचे सगळे फोटो हिरवे आणि अर्धे माझ्या अंगठ्याचे आलेत. लाज वाटते टाकायला.

@चिंचगुळ, बाहेर खायचं तर शाकाहाऱ्यांचे हालच. स्थानिक जेवण म्हणजे मासे, बकऱ्याचा रस्सा, चीजमध्ये मांस भरलेलं केशी येना. फुंची नावाचा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा मिळतो. आईच्या मते तो बिनमिठाचा कण्यांचा भात. म्हणून खोलीतली शेगडी महत्त्वाची. डाळ, तांदूळ, मसाल्याचा डबा आणि छोटा कुकर नेला होता. भाजी, दही, ब्रेड तिथल्या डच सुपरमार्केटात सगळं मिळतं, फक्त महाग, कारण बहुतेक माल जहाजानं येतो. नळाचं पाणी समुद्राचंच, मीठ काढून पिण्याजोगं केलेलं. आम्ही तेच प्यायलो. पहिल्याच संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली आणि शेजारच्या खोलीतला जर्मन म्हातारा काय फुटलं म्हणून धावत आला. नंतर तो रोज वरण-भाताच्या वासावर यायला लागला.

भीतीचं म्हणाल तर आईनं आठही दिवस पाय टेकतील एवढ्याच पाण्यात मजा केली. जॅकेट कायम अंगात आणि मी हातभर अंतरावर. रक्तदाबाचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मिशांचं जाणकार सांगतील, मी सफाचट आहे.

---

सदूकाका
सोमवार, रात्री ८:५५

लेख बरा आहे, पण एक कळत नाही. एवढे पैसे घालून ट्रॅक्टर फ्रिजवाल्या खोलीत राहायचं कशाला? त्याच पैशात मालदीवला पाण्यावरची झोपडी मिळते. आणि कॅरिबियनमधलं प्रवाळ मेलंय असं सगळीकडे वाचतो. मेलेलं बघायला जायचं का?

---

पोल्डरकाका
मंगळवार, पहाटे २:१०

सदूकाका, मी गेली वीस वर्षं नेदरलँड्समध्ये, आम्सटलव्हेनला आहे. बोनेअरला चारदा जाऊन आलो, म्हणून थोडं लिहितो.

"मेलंय" हे अर्धं खरं आहे. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनभर काळे काटेरी समुद्री साळू (सी अर्चिन) रोगानं मेले. ते शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवायचे. ते गेल्यावर शेवाळ माजलं आणि प्रवाळाला जागा उरली नाही. बोनेअरनं तग धरला त्याला एक कारण म्हणजे नियम लवकर आले. भाल्यानं मासेमारी १९७१ पासून बंद. १९७९ मध्ये सागरी उद्यान झालं, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत सगळं त्यात. बोटींना नांगर टाकता येत नाही, तळाला बांधून ठेवलेल्या बोयांनाच (तरंगत्या पिंपांना) दोर लावायचा. पोपटमासे पकडायलाही २०१० पासून बंदी आहे, म्हणून तर मासेबुवांना ते कुरूम कुरूम ऐकू आलं.

पण सगळं आलबेल नाही. १९९९ मध्ये लेनी नावाचं वादळ उलट्या दिशेनं, पश्चिमेकडून आलं. वादळाचा पट्टा ह्या बेटाच्या उत्तरेला आहे, तरी लाटांनी उथळ पाण्यातलं प्रवाळ मोडून टाकलं. त्याचे तुकडे आजही किनाऱ्यावर पायाखाली खुळखुळतात. २०२३ मध्ये कठीण प्रवाळांची पेशी गळण्याचा रोग बेटावर पोचला. मेंदूसारखी वळ्यावळ्यांची जी मोठी प्रवाळं आहेत ती त्यात पांढरी पडून जातात. एका जागेहून दुसरीकडे जाताना मास्क, फिन्स निर्जंतुक करून घ्या असं तिथे सांगतात. मी २०१५ मध्ये ज्या गोळ्याभोवती अर्धा तास घिरट्या घातल्या होत्या, त्याचा मागच्या खेपेला नुसता सांगाडा होता.

तरीही जा. मालदीवची झोपडी सुंदर असेल, पण इथे पिकअप भाड्यानं घेऊन रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड शोधत फिरायचं. प्रत्येक दगडावर जागेचं नाव. गाडी लावा आणि उतरा, बोट नको की कुणाची परवानगी नको. "थाउजंड स्टेप्स"च्या नावाला घाबरू नका, पायऱ्या सत्तरीच्या आतच आहेत. हजार वाटतात त्या पाठीवर सिलिंडर घेऊन चढणाऱ्यांना.

अवांतर : शाकाहाऱ्यांनी सुरिनामी रोटी मिळते का बघा. १८७३ मध्ये लल्ला रूख जहाजातून आपल्याकडचे गिरमिटिये (करारावरचे मजूर) सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत गेले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांची रोटी आज सगळ्या डच जगात पोचली आहे. आत डाळ भरलेली असते. बटाट्याची भाजी घालून मागा, नाहीतर सवयीनं कोंबडी घालतील.

---

सदूकाका
मंगळवार, सकाळी ८:२०

बरं, एक पाऊल मागे घेतो. फ्रिजबद्दलचं मत कायम.

---

रापण
मंगळवार, सकाळी १०:४०

मालवणातून लिहितोय. घरची होडी आहे, हंगामात पर्यटकांना किल्ल्याच्या मागे स्नॉर्कलिंगला नेतो, त्यामुळे राहवलं नाही.

पहिलं मिशांचं. मास्कची कड नाकाखाली जिथे टेकते तिथली बोटाच्या पेराएवढी पट्टी भादरायची, बाकी मिशा राहू देत. ते जिवावर येत असेल तर तिथे सिलिकॉनचं ग्रीस चोपडा. व्हॅसलीन नको, त्यानं मास्कचं रबर खराब होतं. मास्कचा पट्टा आवळून पाणी थांबत नाही, उलट कड वाकून जास्त शिरतं. इथे दहातले आठ जण तेच करतात आणि मास्कच फाटका आहे म्हणून मलाच दम देतात.

नवा मास्क धुकटतो कारण काचेवर कारखान्यातला थर असतो. टूथपेस्ट लावून आतून दोन-तीनदा घासा. मग दर वेळी उतरायच्या आधी थुंकी लावून खळबळायचं. शरम वाटत असेल तर लहान मुलांचा शाम्पू, पाण्यात थेंबभर.

आता आमचं दुःख. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, म्हणजे कागदावर आम्ही फार मागे नाही. पण आमच्याकडे कर्ली, गड अशा नद्या गाळ आणतात, त्यामुळे पावसाळा संपून पाणी निवळेपर्यंत काही दिसत नाही. त्याला कुणाचा इलाज नाही. इलाज आहे तो दुसऱ्या गोष्टीला. पर्यटक दमला, की प्रवाळावर उभा राहतो. काही होडीवालेच सांगतात, "हंयसर उभे रवा, फोटो काढूया." बोटाएवढी फांदी वाढायला काही प्रवाळांना वर्षं लागतात, मोडायला एक टाच पुरते. तिथे हे कसं थांबवतात ते कुणी सांगा. खरंच विचारतोय.

---

माणदेशी_मासा
मंगळवार, दुपारी १२:१५

@रापण, पाण्यात पोलीस कुठेच दिसला नाही. पण निसर्गशुल्क भरल्यावर नियम समजावून सांगतात : हात लावायचा नाही, उभं राहायचं नाही, शिंपलासुद्धा घरी न्यायचा नाही. हातमोजे घालायला तर बंदीच आहे. मला आधी ते विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, हातमोजे नसले की माणूस आपोआप कशाला हात लावत नाही! माझ्या थोरल्यानं एकदा फायर कोरलला कोपर घासलं. रात्रभर आग आग. त्यानंतर त्याला काही सांगावं लागलं नाही.

---

बागडू
मंगळवार, दुपारी ३:५०

आम्ही दुसऱ्या एका बेटावर पावाचे तुकडे घेऊन उतरलो होतो. मासे अंगावर येतात, फोटो एक नंबर. टिप देऊन ठेवतो.

---

रापण
मंगळवार, दुपारी ४:०२

बागडू, नको. शेवाळ खाणारा मासा पावाला लागला तर प्रवाळ साफ कोण करणार? आणि पावाची सवय लागलेला मासा पुढच्या माणसाच्या बोटाला चावतो. मला चावलाय.

---

झुळूक
मंगळवार, रात्री ९:३०

क्लाइन बोनेअरबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? समोरच पाऊण किलोमीटरवर निर्मनुष्य छोटं बेट. क्रालेंडाइकहून, म्हणजे बोनेअरच्या मुख्य गावातून, वॉटर टॅक्सी जाते. होडीवाला प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडतो, मग काही करायचं नाही. पाय हलवायचे नाहीत, नुसतं पालथं पडून राहायचं. प्रवाळाचा उतार आपल्याखालून सिनेमासारखा सरकत जातो आणि शेवटी नो नेम बीचला बाहेर पडायचं. मला दोन कासवं दिसली. त्यातलं एक श्वास घ्यायला माझ्यापासून दोन हातांवर वर आलं, माझ्याकडे ढुंकूनही न बघता परत गेलं. नळीतून ओरडता येत नाही हे तेव्हा कळलं.

तिथे पाणी नाही, संडास नाही, सावली जवळजवळ नाही. परतीच्या होडीची वेळ नीट विचारून ठेवा. आम्ही चुकवली आणि दीड तास एका झुडपाच्या सावलीत चौघं आळीपाळीनं डोकं घालून बसलो.

गाडीबद्दलही : काचा उघड्या ठेवा आणि आत काहीही ठेवू नका. भुरट्या चोऱ्या होतात, काच फोडलेली त्याहून महाग पडते.

---

माणदेशी_मासा
मंगळवार, रात्री ११:१०

झुळूकला जोरदार अनुमोदन. आम्ही काचा उघड्या ठेवल्या, पण बिस्किटांचे पुडे आत विसरलो. परत आलो तर खिडकीतून गाढवाचं अख्खं डोकं आत. बेटावर मोकाट गाढवं खूप आहेत, पूर्वी मिठागरांवर ओझ्याला आणलेल्यांची ही पिलावळ. आईनं त्याला मराठीत हाकललं आणि ते निमूट गेलं.

मिठागरांकडे, म्हणजे दक्षिण टोकाला, एक संध्याकाळ जाच. गुलाबी पाणी, मिठाचे पांढरे डोंगर, लांबवर फ्लेमिंगो. आणि रस्त्याकडेला १८५० च्या सुमाराच्या गुलामांच्या झोपड्या. दगडी, कमरेएवढं दार. मी रांगत आत गेलो, उभं राहता येत नाही. मिठागरात राबणारी माणसं आठवडाभर तिथे झोपायची. कॅरिबियनमधल्या डच वसाहतींत गुलामी १८६३ ला संपली. पोरं तोवर मासे मासे करत होती, तिथून परत येताना गाडीत गप्प होती.

---

टीपकागद
बुधवार, सकाळी ७:१५

फोटो?

---

चिंचगुळ
(साडेचार महिन्यांनी) शुक्रवार, दुपारी ४:४०

धागा वर काढतेय. सध्या तिथेच आहे, ओसरीतून मोबाइलवर टंकतेय. @माणदेशी_मासा, तुम्ही व्यक्तिगत निरोपात नाव दिलेलीच जागा घेतली. फ्रिज तोच असावा. सदूकाका बरोबर होते.

नवऱ्यानं रापणभाऊंचं ऐकून पट्टी भादरली. आरशात बघून दोन तास बोलला नाही, पण काल सलग पन्नास मिनिटं पाण्यात होता आणि बाहेर आल्यावर एका ऑक्टोपसबद्दल जेवण होईपर्यंत बोलत होता.

डॉक्टरांनी आईला उथळ पाण्यात, जॅकेट घालून, दमायच्या आत बाहेर यायच्या अटीवर परवानगी दिली होती. पहिले दोन दिवस ती पायऱ्यांवर नुसती पाय सोडून बसली. आज सकाळी स्वतःच म्हणाली, दे तो चष्मा. आत्ता माझ्यासमोर कठड्यापाशी तरंगतेय, नवरा शेजारी. अर्धा तास झाला म्हणून हाक मारली, तर हात वर करून "थांब" अशी खूण केली.

तिसऱ्या पायरीचं लिहिलंत ते बरं झालं. आईला सांगितलं होतं. घसरले मीच.